नावाची मूठ

आबांनी नावं कागदावर लिहून घेतली असती, तर पुढचं काही झालंच नसतं. पण घरच्या माणसांची नावं कुणी लिहून घेतं का? शहात्तर वर्षांच्या पितांबर आबांना सहा नावं म्हणायला कागद थोडाच लागणार होता. नावं तोंडपाठ होती, म्हणूनच तर घोळ झाला.

कानबाई, आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी, दोन वर्षांनी घरात बसत होती. आबांच्या पत्नी भागाबाई गेल्या ते एक वर्ष सुतकात गेलं, दुसरं आबांच्या मोतीबिंदूत. यंदा मात्र श्रावण लागला तशी सगळ्यांनाच आठवण झाली. थोरल्या सूनबाईंनी, म्हणजे सुलक्षणाने, चौरंग घासून काढला. मधल्या सुगंधाने फुलोऱ्याचं साहित्य आणलं. धाकटा भूषण जळगावहून बायको आणि दहा महिन्यांचं बाळ घेऊन शुक्रवारीच येऊन राहिला. नागपंचमी उलटली, उद्याचा रविवार कानबाईचा, आणि आज शनिवारी दुपारी रोटांचे गहू मोजायचे होते.

खानदेशात हे कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगून ठेवलेलं बरं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू टोपलीत पडतात, पाळण्यातला असला तरी त्याच्याही. ते गहू दळायचे, त्याचेच रोट करायचे आणि भाऊबंदांनीच खायचे. शेजाऱ्याला घास नाही, पाहुण्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. ज्याची मूठ पडली तो घरचा. माणूस गेला की त्याची मूठ बंद. बायकांची मूठ नसतेच; त्या नवऱ्याच्या नाहीतर लेकाच्या मुठीवर जेवतात. सुलक्षणाचा नवरा ललित पाच वर्षांपूर्वी तापाने गेला, आणि पोटी एकटी दिपमाला. म्हणजे सुलक्षणाच्या घराची एकही मूठ नव्हती. हे तिच्याशिवाय कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

गहू तिनेच निवडले होते. सकाळपासून सूप घेऊन बसली होती. आमच्या घरात विधवेने निवडलेले गहू चालतात, तिने मोजलेले चालत नाहीत. का, ते विचारू नका, विचारणारं कुणी नव्हतंच. मोजायचा मान भागाबाईंच्या पाठोपाठ सुगंधाकडे आला होता. सुगंधा त्यासाठी नवीकोरी हिरवी साडी नेसून टोपलीपुढे बसली होती आणि आपण फार काही खूश नाही असं तोंड करून होती.

समोर सतरंजीवर आबा, शेजारी मधला लीलाधर, भिंतीला टेकून भूषण. आणि आबांच्या उजव्या हाताला मोतीलाल काका. मोतीलाल म्हणजे आबांचा चुलत भाऊ. दोन्ही घरांचे रोट पिढ्यान्‌पिढ्या एकत्र. भाऊबंदकीत कुणाचं काय चुकलं हे सांगायचं काम त्यांच्याकडे कुणी दिलेलं नव्हतं, पण ते करत आले होते. यंदा त्यांचा शब्द जरा जास्तच चालत होता, कारण दिपमालेचं लग्न त्यांनी जमवलं होतं. चोपड्याची माणसं, केळीचा बागायतदार, मुलगा इंजिनियर. पसंती झाली होती, दिवाळीनंतरचा मुहूर्त होता, आणि दिपमाला गेले दोन महिने गच्चीवर जाऊन फोनवर बोलायची. सुलक्षणा ते पाहून न पाहिल्यासारखं करायची आणि आत येऊन देवाला हात जोडायची.

एक गोष्ट मात्र होती. बोलणी करताना मोतीलाल काकांनी चोपडेकरांना सांगितलं होतं की धाकटा मुलगा जळगावला असतो, त्याचं इकडे येणं-जाणं नाही. भूषणची बायको साक्षी बौद्ध आहे, दोघांनी नोंदणी लग्न केलंय, यातलं अक्षर नाही. सुलक्षणा तेव्हा दाराआड उभी होती. तिने ऐकलं आणि ती गप्प बसली. लेकीचं भलं होतंय, असं म्हणून गप्प बसली. ते गप्प बसणं दोन महिने तिला खुपत होतं.

तर आबांनी डोळे मिटले आणि नावं घ्यायला सुरुवात केली.

“पितांबर.” सुगंधाने मूठ भरून टोपलीत सोडली, वर पाव मूठ. “मोतीलाल.” पुन्हा मूठ. सुगंधाचा हात चांगला चालत होता. “ललित.” पुन्हा मूठ.

गहू पडून गेले, मग सगळ्यांना कळलं.

आबांनी डोळे उघडले. दोन घरांतली थोर माणसं झाली की थोरला मुलगा. चाळीस वर्षं भागाबाईंच्या तोंडून ती नावं त्यांनी त्याच क्रमाने ऐकली होती. ललित गेल्यावर भागाबाईंनी दोनदा मोजलं, तेव्हा त्या मोतीलालनंतर श्वास घ्यायला थांबायच्या आणि पुढे जायच्या. श्वास घ्यायचं आबांच्या लक्षात राहिलं नाही. ते सुलक्षणाकडे बघू लागले. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पदर डोक्यावर घेऊन बसली होती, आणि तिचा चेहरा दिसत नव्हता.

“मनी चूक व्हयनी, पोरी,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज पार गेला होता.

सुगंधा टोपलीकडे बघत राहिली. एकावर एक पडलेले गहू, त्यातले कुठले ललितभाऊंचे ते कसे काढणार? आणि काढायचे तरी कसे, टोपलीत पडलेला दाणा बाहेर काढत नाहीत. लीलाधर म्हणाला की काही बिघडत नाही. भूषण म्हणाला की दुसरी टोपली घेऊ. तेव्हा मोतीलाल काकांनी हात वर केला.

काका माणूस वाईट नव्हते, हे इथे सांगायलाच हवं. ललितच्या आजारपणात धुळ्याच्या दवाखान्यात चार रात्री बाकावर बसून होते. भांडण मिटवायचं म्हटलं की त्यांचं डोकं झकास चालायचं. आताही चाललं. सकाळपासून त्यांना एकच काळजी होती: भूषणचं पोरगं. त्याची मूठ टाकली तर भाऊबंदकीत बोभाटा, आणि तो चोपड्याला पोचायला एक दिवस पुरे. नाही टाकली तर भूषण उठून जाईल आणि आबा जेवणार नाहीत. आणि आता आबांच्या चुकीने वाट आपोआप निघाली होती.

“पडेल मूठ बाहेर निंघत नही,” काका समजुतीने म्हणाले. “राहू द्या. एक मूठ जास्त झाली ना? तीच पोराची समजा. रोट खाईल तो, कोण नाही म्हणतंय? नाव कसाले लेतस? बठ्ठासना मान रही जाई.”

इतकं सोपं होतं ते: नाव घ्यायचं नाही, म्हणजे सगळ्यांचा मान राहतो. लीलाधरने मोठा श्वास सोडला. आबांनी मान हलवली, कारण चूक त्यांची होती आणि कुणीतरी ती निस्तरून देत होतं. भूषणनेही चालवून घेतलं. तीन वर्षांत भावकीतल्या कुणी त्याच्या बायकोबद्दल बरावाईट शब्द काढला नव्हता, आणि इथे चक्क त्याच्या मुलाला रोट मिळत होता. त्याला खरोखर बरं वाटलं. आपल्याला किती थोडक्यात बरं वाटतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

आबांनी पुढची नावं घेतली. लीलाधर, भूषण, मग काकांचा प्रेमराज, तो सुरतहून उद्या येणार होता. शेवटी सुगंधाचा आकाश. सात मुठी झाल्या, माणसं सहा. सुगंधाने टोपलीवर झाकायला पांढरं फडकं उचललं.

मागच्या खोलीत साक्षी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. दार लोटलेलं होतं, पण आमच्या दारांतून आवाज अडत नाही. तिने एक एक नाव ऐकलं होतं.

तिला कानबाईचं काही नको होतं. तिच्या माहेरी देव नाहीत, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध आहेत, आणि तेवढं तिला पुरतं. निघताना तिने भूषणला स्पष्ट सांगितलं होतं की मी पूजा करणार नाही, नमस्कारालाही वाकणार नाही. पण तुमच्या घरात माणसं मोजतात म्हणे, तर माझं बाळ मोजणार असतील तर येते. भूषण म्हणाला होता, मोजतील. तिचे वडील एसटीत कंडक्टर होते. ते बस स्टँडवर बाळाला टोपरं घालताना एवढंच म्हणाले होते की बघ, मनाला लावून घेऊ नको.

भूषण आत आला तेव्हा ती बाळाचे लंगोट घडी करून बॅगेत ठेवत होती. त्याने हळू आवाजात सांगितलं की काम झालं, मूठ पडली, उद्या आपण सगळे जेवू.

“नाव घेतलं का?” तिने विचारलं.

भूषण तिच्याशेजारी बसला. मग म्हणाला की नावाचं काय एवढं, हळूहळू होईल, एकदम सगळं मागू नये. साक्षी त्याच्यावर रागावली नाही. प्रेमाने लग्न केलेल्या माणसावर असं पटकन रागावता येत नाही, आणि तोच तर त्रास आहे. तिने पुढचा लंगोट उचलला.

“मेलेल्या माणसाच्या नावावर माझं पोरगं जेवणार नाही, भूषण. चारची बस आहे ना धुळ्याला?”

हे बोलणं खोलीच्या दुसऱ्या दारापर्यंत गेलं. त्या दारापलीकडे स्वयंपाकघराचा उंबरा होता, आणि उंबऱ्यात सुलक्षणा.

आता सुलक्षणाविषयी. पंचवीस वर्षं या घरात. गावच्या अंगणवाडीची सेविका, पोरं तिला बाई म्हणतात. पण घरात तिने आबांसमोर कधी मान वर केली नव्हती आणि मोतीलाल काकांशी तर समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं असलं तर दाराआडून, दुसऱ्याच्या नावाने: “त्यांना म्हणावं चहा झालाय.” त्या वेळी तिच्या मनात काय चाललं होतं, ते पुढे कितीदा विचारलं तरी तिला सांगता आलं नाही. तिला एवढंच आठवतं की ‘ललित’ ऐकल्यावर ती आधी हरखली होती. पाच वर्षांनी कुणीतरी त्यांचं नाव मोठ्याने घेतलं होतं. आणि पाठोपाठ ते नाव पोतेऱ्यासारखं वापरलं गेलं, घरातलं नको ते पुसून टाकायला.

ती उठली. सुगंधाच्या हातातलं फडकं तिने धरलं आणि पदर डोक्यावर तसाच ठेवून सतरंजीपाशी येऊन उभी राहिली. बोलली ती अहिराणीत नाही. अंगणवाडीच्या मीटिंगमध्ये बोलते त्या मराठीत बोलली. पुढे म्हणायची, घरच्या बोलीत बोलले असते तर रडले असते.

“काका, ती मूठ ह्यांची आहे. ह्यांच्या नावाने पडली, ह्यांचीच राहील. बाळाची मूठ बाळाच्या नावाने टाका.”

काका तिच्याकडे बघतच राहिले. रागापेक्षा नवल जास्त. या बाईला आवाज आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. ते लीलाधरकडे वळून म्हणाले की वहिनीला आत जायला सांग. लीलाधर सतरंजीचा दोरा ओढत बसला.

“मी अंगणवाडीत रोज चाळीस लेकरांना खाऊ घालते,” सुलक्षणा म्हणाली. “आधी नाव घेते, मग ताटली देते. कुणाचं लेकरू आहे ते बघत नाही, पण नाव घेते. बिननावाचं मी कुणाच्या लेकराला जेवू घातलं नाही. घरच्या लेकराला कसं घालू?”

मग काकांनी पत्ता टाकला, आणि तो टाकताना त्यांनाही वाईट वाटत होतं. म्हणाले, की पोरीचा विचार कर. नाव घेतलं तर ते चोपड्याला कळणार. त्यांना मी काय सांगितलंय ते तुला ठाऊक आहे. सोयरीक मोडली तर माझ्याकडे येऊ नको.

सुलक्षणाने हातातलं फडकं खाली ठेवलं. तिने मागे बघितलं. दिपमाला जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती, हातात मोबाइल. तेवीस वर्षांची पोर, धुळ्यात औषधांच्या दुकानात काम करते. तिला तो मुलगा आवडला होता, हे आईला माहीत होतं आणि लेकीलाही माहीत होतं की आईला माहीत आहे. मग दिपमाला खाली आली, तिने एक नंबर लावला आणि फोन आईच्या हातात दिला.

“मुलाच्या आईचा आहे. तूच सांग, मम्मी. कुणी तिसऱ्याने सांगण्यापेक्षा बरं.”

सगळ्यांदेखत सुलक्षणा बोलली. आधी कानबाईच्या शुभेच्छा दिल्या, तब्येत विचारली. अशा वेळीही ते सुटलं नाही. मग म्हणाली की एक गोष्ट तुमच्यापासून लपवली गेली, त्यात मीही आहे. आमच्या धाकट्या जाऊबाई बौद्ध आहेत, त्यांना मुलगा आहे, आणि आज त्याची रोटांत मूठ पडते आहे. ती आमच्या घरचीच माणसं आहेत, येणं-जाणं आहे आणि राहील. तुम्ही विचार करून कळवा. पलीकडून, कळवतो, एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

तिने फोन दिपमालेला दिला आणि आबांसमोर खाली बसली.

“आबा, नाव घ्या.”

आबांना नाव घ्यायचं होतं. पण शेजारी मोतीलाल बसला होता, आणि त्यांच्या वयाचा, त्यांना अरेतुरे करणारा गावात तोच एक उरला होता. भागा असती तर तिने ठरवलं असतं आणि आपण मान हलवली असती, असं त्यांना वाटलं. आयुष्यभर आपण फक्त मान हलवत आलो, असंही वाटलं, आणि त्यांना फार लाज वाटली.

इकडे सुगंधाची मूठ गव्हाच्या परातीत होती. सुगंधा आणि सुलक्षणा, दोघींचं सिलिंडरवरून भांडण, मिक्सरवरून भांडण, कालच फुलोऱ्याच्या करंज्यांवरून झालेलं. पण सुगंधाला दुसरंच काही आठवत होतं. आकाश तीन वर्षांचा असताना नुसता हाडांचा सापळा होता. अंगणवाडीच्या तक्त्यावर त्याचं वजन लाल रेघेच्या खाली. सुगंधा लाजेने त्याला काट्यावर न्यायची नाही. सुलक्षणा रोज स्वतः उचलून न्यायची, सगळ्यांसमोर त्याचं नाव घेऊन काट्यावर ठेवायची, आणि पदरात बांधून आणलेलं अंडं भरवायची. सहा महिन्यांनी तो रेघेच्या वर आला तेव्हा पेढे सुलक्षणाने वाटले होते. आज आकाश पुण्यात नोकरीला आहे, पाच फूट दहा इंच.

“काय नाव हो ताई बाळाचं, पूर्ण?” सुगंधाने विचारलं. तिला माहीत होतं. तिला ते मोठ्याने ऐकायचं होतं.

“सम्यक भूषण,” सुलक्षणा म्हणाली.

सुगंधाने मूठ भरली. नेहमीपेक्षा जरा गच्चच भरली आणि टोपलीत सोडली, वर पाव मूठ. गहू पडल्याचा आवाज मागच्या खोलीपर्यंत गेला.

“सम्यक,” आबा म्हणाले. उशिरा म्हणाले, पण म्हणाले. मग पुन्हा एकदा, नीट, टोपलीकडे बघून म्हणाले.

मोतीलाल काका उठले. चपला घालताना त्यांना खाली वाकता येईना, तरी त्यांनी लीलाधरचा हात घेतला नाही. फाटकापाशी थांबून ते म्हणाले की या घरात आता माझी गरज नाही. आबा सतरंजीवरून उठले नाहीत, पण त्यांनी हाक मारली.

“मोती, तुनी मूठ पडेल शे. पडेल मूठ बाहेर निंघत नही. तूच सांगनं.”

काका मागे न बघता गेले.

सुलक्षणा मागच्या खोलीत गेली. साक्षी बाळाला छातीशी धरून उभी होती आणि तिचे डोळे वाहत होते. भूषण खिडकीकडे तोंड करून होता. त्याला तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि बरंच झालं. साक्षी म्हणाली, “ताई, दिपमालाचं काय होणार? माझ्यासाठी हे करायला नको होतं.”

“तुझ्यासाठी कुठे केलं. त्यांची मूठ होती, मला राहवलं नाही.” मग तिचाही धीर सुटला. दोघी एकमेकींना धरून रडल्या, आणि मध्ये चेंगरलेलं बाळ ओरडलं तेव्हा थांबल्या. सुलक्षणाने डोळे पुसले आणि बॅगेकडे बोट दाखवलं. “ओले लंगोट घडी करून ठेवलेस की काय? काढ आधी, वास मारतील.”

रविवारी दुपारी कानबाई बसली. नारळाला नथ, डोळे, बोरमाळ, वर फुलोरा. साक्षी पूजेला आली नाही, आणि तिला कुणी ये म्हणालं नाही; ती मागच्या अंगणात गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरत बसली होती आणि सुगंधा तिला फोडी मोठ्या झाल्या म्हणून बोलत होती. सुगंधा ज्याला घरचं मानते त्यालाच बोलते.

पंगत मांडली, ताटं वाढली आणि मोतीलाल काका फाटकातून आले. मागे सुरतहून आलेला प्रेमराज. काका रात्रभर झोपले नव्हते. बायकोने सकाळी चहासुद्धा न देता सांगितलं होतं की मूठ जिथं पडली तिथं जाऊन जेवा, इथं काही शिजणार नाही. आणि चोपड्याचा फोन त्यांनाच आला होता. तो निरोप दाराशी सांगून परत फिरायचं, असं ते वाटेत ठरवत आले होते. पण सुलक्षणा समोर आली, आणि आज तिने पदर डोक्यावर घेतला होता तरी मान खाली नव्हती.

“नाही म्हणाले,” काका म्हणाले. “मी खूप सांगून पाहिलं, सूनबाई. खरं सांगतो. सकाळपासून तीन फोन केले.”

सुलक्षणाने दाराची चौकट धरली. रात्रभर तिने स्वतःला तयार केलं होतं, तरी ऐकल्यावर आधार लागलाच. दिपमालेने हातातलं पाण्याचं तांब्याभांडं खाली ठेवलं आणि ती गच्चीवर गेली. तिच्या मागे कुणी गेलं नाही. थोड्या वेळाने खाली आली तेव्हा तिने तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल होते. म्हणाली की त्याने मेसेज केलाय, आईच्या पुढे माझं चालत नाही. “मग माझं तरी काय चाललं असतं तिथे?” असं म्हणाली, आणि तांब्या उचलून पाणी वाढायला लागली. पहिलं भांडं तिने काकांपुढे ठेवलं.

काका बसले. आबांनी सरकून आपल्या शेजारी जागा केली. मग आपल्या वाटीतली खीर काकांच्या वाटीत ओतली, त्यांना खीर जास्त लागते म्हणून.

पंगतीच्या शेवटी सुलक्षणा आपलं ताट घेऊन बसली. आबांनीच सांगितलं होतं की ललितच्या मुठीचे रोट तिच्या आणि दिपमालेच्या ताटात वाढा. पाच वर्षांनी ती नवऱ्याच्या मुठीवर जेवत होती. बाळ रांगत रांगत पंगतीभर फिरलं, सगळ्यांच्या ताटात हात घालून झाला, आणि शेवटी येऊन तिच्या गुडघ्याला धरून उभं राहिलं. साक्षी दुरून म्हणाली की त्याला आताच भरवलंय, त्याच्या वाट्याचं झालंय खाऊन.

“असू दे,” सुलक्षणा म्हणाली. तिने आपल्या ताटातल्या रोटाचा तुकडा मोडला, खिरीत भिजवून मऊ केला. सगळे बघत होते, काकाही. आज ती घरच्या बोलीतच बोलली, आणि रडली नाही.

“खाय रे सम्यक. हाई तुना मोठा बाबानी मूठ शे.”